राबते जुने ट्रॅक्टर ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याने जाताना बांधापलीकडे जुना मॅसी नाहीतर आयशर चालताना दिसला की ज्यांना गाडी बाजूला घ्यावीशी वाटते, त्यांच्यासाठी हे पान आहे. बोनेटवरचं नाव वाचून कंपनी कळते. ट्रॅक्टरने काय काम काढलं, कुणी सांभाळला, कुठे मोडला आणि कुणी उभा केला हे त्याच्या झिजलेल्या जागांवरून कळतं. खालच्या उत्तरांत त्यावरच जास्त भर आहे.

राबता जुना ट्रॅक्टर नेमका कशाला म्हणायचा?

आम्ही दोन गोष्टी बघतो. वय पंचवीस वर्षांच्या पुढे असावं, आणि चालू हंगामात त्याने शेतात काही ना काही काम केलेलं असावं. चिंचेखाली कोंबड्यांना बसायला सोडून दिलेला ट्रॅक्टर यात धरत नाही. शोरूमच्या दारात रंगवून ठेवलेलाही नाही. नांगर ओढणं झेपत नाही म्हणून आता नुसता पाण्याचा टँकर ओढतो किंवा मळणी यंत्र फिरवतो, असा मात्र जरूर धरावा. बहुतेक ट्रॅक्टरांची म्हातारपणची कामं हीच असतात.

चाळीस-पन्नास वर्षांचं यंत्र अजून चालतं तरी कसं?

कारण त्यात बिघडण्यासारखं जे आहे ते सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताने खोलता येतं. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, मायको कंपनीचा डिझेल पंप, नोझल, गिअर, लिफ्ट. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बॅटरी बसली तर उतारावरून सोडून चालू करता येतो, आणि एकदा चालू झाला की डिझेल इंजिनाला विजेची गरज उरत नाही.

दुसरं कारण धुळीशी आहे. जुन्या ट्रॅक्टरांना ऑइल बाथचा एअर क्लीनर असतो. हवा आधी वाटीतल्या ऑइलवरून जाते, धूळ ऑइलात बसते. आठवड्याला वाटी काढायची, चिखल झालेलं ऑइल ओतून द्यायचं, डिझेलने धुवायची, नवं ऑइल घालायचं. बाजारातून नवा फिल्टर विकत आणावा लागत नाही. ज्या मालकाने हे इमानदारीने केलं त्याचं इंजिन टिकलं.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं कारण तालुक्याच्या गावातला मिस्त्री. इंजिन उतरवणं, बोअर करून नवे पिस्टन-रिंगा टाकणं, क्रँक घासून घेणं, पंप कॅलिब्रेट करणं ही कामं अजूनही पत्र्याच्या शेडमध्ये होतात. एकेका ट्रॅक्टरचं इंजिन तीन-तीन वेळा बांधलेलं असतं. या मिस्त्रींची पिढी थकत चालली आहे, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं कमी आहेत. मला ट्रॅक्टर भंगारात जाण्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

महाराष्ट्रात कोणकोणते जुने ट्रॅक्टर अजून दिसतात?

सगळ्यांत जास्त दिसणारे दोन: मॅसी १०३५ आणि महिंद्राचा २७५.

मॅसी १०३५ चेन्नईच्या टॅफेचा. टॅफे १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने सुरू झाली. १०३५ हा मॅसीच्या ३५ या ट्रॅक्टरवरून उतरलेला, आणि त्यातलं सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन पर्किन्सच्या घराण्यातलं. मागे औजार जोडायचा तीन टोकांचा जोड आणि ओढ वाढली की औजार आपोआप थोडं वर घेणारी लिफ्ट ही हॅरी फर्ग्युसन यांची देणगी. आज जगातला जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर औजार याच पद्धतीने धरतो. नांगर कठीण जागेत अडकला की १०३५ ची लिफ्ट कशी हलते ते एकदा शेताच्या कडेला उभं राहून बघाच.

बी-२७५ ची गोष्ट मुंबईच्या कांदिवलीतली. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. बी-२७५ हा मूळचा इंटरनॅशनलच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचा, ३५ अश्वशक्तीचा, चार सिलिंडरचा. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. त्यामुळे ज्या ट्रॅक्टरवर ‘इंटरनॅशनल’ हे नाव अजून वाचता येतं तो दिसला की थांबा. पुढे आलेला २७५ डीआय तीन सिलिंडरचा आहे, तेव्हा दोघांची गल्लत करू नका.

आयशरचा मान वेगळा. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडलेला. आपल्याकडे जास्त दिसतो तो आयशर २४१: एक सिलिंडर, २५ अश्वशक्ती, हवेवर थंड होणारा. रेडिएटरच नाही, म्हणून पाणी कमी पडून इंजिन धरायची भीती नाही. दुष्काळी पट्ट्यात तो का रुजला हे यावरून समजेल.

स्वराज ७२४ हा १९७४ चा. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आखलेला आणि मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सने बनवलेला, परदेशी परवान्याशिवाय उभा राहिलेला ट्रॅक्टर. त्यात किर्लोस्करचं दोन सिलिंडरचं इंजिन. पाठोपाठ ७३५ आला आणि पुढे ८५५. जुने ७३५ अजून भरपूर आहेत.

एचएमटी २५११ हा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा अवतार, हरियाणातल्या पिंजोरला १९७१ पासून बनायला लागला. २०१६ साली सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. आता त्याचे पार्ट मिळवायचे तर दुसरा एचएमटी तोडावा लागतो. म्हणून चालता एचएमटी दिसला तर नोंद करून ठेवाच.

फोर्ड ३६०० निळा, तीन सिलिंडरचा, दमदार. एस्कॉर्ट्सने फोर्डबरोबर १९७१ मध्ये फोर्ड ३००० ने सुरुवात केली, ३६०० त्यानंतरचा. एस्कॉर्ट ३३५ मात्र पोलंडच्या उर्ससच्या वळणाचा, दोन सिलिंडरचा. बडोद्याचा हिंदुस्तान ट्रॅक्टर, तोही झेटरच्या कुळातला, खानदेशाच्या बाजूला अधूनमधून भेटतो.

दुर्मिळात दुर्मिळ काय सापडू शकतं?

नाशिकचा किर्लोस्कर. किर्लोस्कर ट्रॅक्टर्सने १९७४ च्या सुमारास जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्याने नाशिकला ट्रॅक्टर काढले होते, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे. ते फार वर्षं चालले नाहीत. महाराष्ट्रात बनलेला आणि महाराष्ट्रातच विसरला गेलेला हा ट्रॅक्टर कुणाच्या शेतात चालता सापडला तर ती मोठी गोष्ट ठरेल.

त्याआधीचे म्हणजे साठच्या दशकात बाहेरून आलेले: झेटर २०११, सोव्हिएत संघाचे बेलारूस आणि डीटी-१४. राज्याराज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत हे वाटले जात. आपलं महामंडळ १९६५ मधलं. मागणी इतकी आणि पुरवठा इतका कमी की १९७१ साली केंद्राने ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढला. ज्या घरात त्या काळातला ट्रॅक्टर आहे तिथल्या म्हाताऱ्या माणसाला नंबर कसा लागला ते विचारा. तासभर ऐकायला मिळेल.

नुसत्या आवाजावरून ओळखता येतो का?

सिलिंडर किती ते नक्की ओळखता येतं, आणि तेवढ्यावर निम्मं काम होतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. समजा इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर नुसतं उभं आहे. एक सिलिंडरचा आयशर सेकंदाला पाच ठोके देईल. ते सुटे सुटे मोजता येतात आणि पायाखालच्या जमिनीतही कळतात. दोन सिलिंडरचा दहा देतो, त्यात एक लंगडी लय असते. तीन सिलिंडरचे पंधरा ठोके एकमेकांत मिसळून घरघर होते. चार सिलिंडरचा तर सलगच वाटतो.

सकाळी वारा नसताना मैलभरावरचा आयशर कळतो. १०३५ आणि फोर्ड यांत फरक करायला मात्र कान तयार व्हावे लागतात, आणि सायलेन्सर फुटलेला असला तर सगळेच सारखे वाटतात.

रंगावरून?

रंगावर जाऊ नका. महिंद्र लाल, मॅसी लाल, आणि पेंटरकडे जो डबा उघडा होता तो रंग लागलेले कितीतरी. बोनेटसुद्धा दुसऱ्या ट्रॅक्टरचं असू शकतं. इंजिन आणि मागचं हाउसिंग, म्हणजे गिअरची ओतीव पेटी, बघा.

साल कसं ठरवायचं?

पहिली खूण नंबरप्लेट. राज्याच्या दोन अक्षरांची म्हणजे ‘एमएच’ची पद्धत १९८९ च्या मध्यापासून सुरू झाली. त्याआधी ‘एम’ने सुरू होणारी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. मडगार्डवर हाताने रंगवलेली अशी तीन अक्षरी पाटी दिसली तर ट्रॅक्टर साडेतीन दशकांपेक्षा जुना आहे एवढं खात्रीने म्हणा.

एमएच पाटीतही वाचण्यासारखं असतं. बारामतीला आता ४२, अकलूजला ४५, कराडला ५० क्रमांक आहे. ही कार्यालयं वेगळी होण्याआधी बारामतीचे ट्रॅक्टर पुण्याच्या १२ वर, अकलूजचे सोलापूरच्या १३ वर आणि कराडचे साताऱ्याच्या ११ वर नोंदले जात. तेव्हा अकलूजच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात असलेला एमएच १३ चा ट्रॅक्टर म्हणजे जुनी नोंद. अर्थात तो सोलापूरहून विकत आणलेलाही असू शकतो, म्हणून विचारून खात्री करावी.

दुसरी खूण आरसी बुक. जुन्या ट्रॅक्टरचं कागदी पुस्तक असतं, त्यात उत्पादनाचं साल, चासी नंबर, इंजिन नंबर. मालकाने आपणहून दाखवलं तर बघा, मागू नका.

तिसरी खूण आठवणी. गावातला माणूस तारीख सांगत नाही, प्रसंग सांगतो. ‘बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी’, ‘किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवाळीत’, ‘थोरलीच्या लग्नाआधी’. बहात्तर आणि किल्लारी, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३, यावरून साल बरोबर लागतं. थोरलीच्या लग्नाचं साल घरातल्या बाईला विचारावं, ते चुकत नाही.

तास मोजणाऱ्या मीटरवर भरवसा ठेवू नका. बहुतेकांची केबल कधीच तुटलेली असते.

ट्रॅक्टर खरंच राबला आहे हे कशावरून ओळखायचं?

हा या पानावरचा मुख्य प्रश्न, म्हणून सवडीने वाचा.

पायापासून सुरुवात करा. क्लचच्या पेडलचं रबर सगळ्यांत आधी जातं. मग उघडं लोखंड तळव्याने घासून चकचकीत होतं, मग गुळगुळीत, मग पाय सटकायला लागतो. मंगळवेढ्याच्या बाजूला एका १०३५ वर मी बघितलं: पाय सटकू नये म्हणून पेडलवर आडवा सळईचा तुकडा वेल्डिंग केलेला, आणि त्या सळईचे आडवे वळसेही मधोमध घासून सपाट झालेले. टोकाला मात्र जशेच्या तसे. म्हणजे वेल्डिंगनंतरही कितीतरी हंगाम झाले. शेजारी उभ्या असलेल्या तात्यांनी एवढंच सांगितलं, “पोराचा पाय बी तिथंच पडतोय.”

ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या-उजव्या चाकाची वेगवेगळी. शेताच्या टोकाला वळताना एकच दाबतात. कुठलं जास्त झिजलंय त्यावरून चालवणाऱ्याची वळायची सवय कळते.

मग हात. स्टेअरिंगचं प्लास्टिक उन्हाने तडकतं, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली असते. गिअरच्या दांड्यावरची मूठ जाते आणि तिथे लाकडाची, ॲल्युमिनियमची किंवा बेअरिंगच्या गोळीची मूठ येते. इंजिन बंद करायच्या नॉबच्या जागी सुतळी. डिझेलच्या टाकीला झाकणाऐवजी कापडाचा बोळा आणि वर बांधलेली कॅरीबॅग. उभ्या धुरांड्यावर पावसासाठी उलटा घातलेला ऑइलचा डबा. सीटवर पोतं. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. सगळ्या एका ट्रॅक्टरवर असल्या तर समजा की हा रोज लागतो आणि याला थांबायला फुरसत मिळालेली नाही.

आता मागे जा. औजार धरणाऱ्या खालच्या दोन लिंकांची, म्हणजे दांड्यांची, भोकं बघा. नवी असताना गोल असतात, वर्षानुवर्षं नांगर-कुळव ओढून ती लांबट होतात. कुणी त्यात बुश ठोकलेला असतो, कुणी टोकच कापून नवं जोडलेलं असतं. वरच्या दांडीच्या, म्हणजे टॉप लिंकच्या, आट्या झिजलेल्या, साखळ्या वेगवेगळ्या मापाच्या. लिफ्टखाली ऑइलची ओल असतेच. ओलीवर माती बसून जाड थर झालेला असला तर गळती जुनी, आणि मालकाने तिच्याशी जमवून घेतलेलं.

पुढचा ॲक्सल शेवटी. चाक हाताने हलवलं तर डुगडुगतं का, स्टेअरिंगला किती प्ले आहे, ॲक्सलच्या मधल्या पिनेला किती सैलपणा आहे. जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग नसतं. भिजलेल्या रानात दिवसभर चालवून माणसाचे खांदे भरून यायचे ते यामुळे.

आणि टायर. गोटा झालेले टायर म्हणजे जुना ट्रॅक्टर असं नाही, टायर बदलतात. मागच्या चाकांत पाणी भरलंय का ते मात्र बघा. पकड मिळावी म्हणून टायर साधारण तीन चतुर्थांश पाण्याने भरतात, आणि वर्षानुवर्षं पाणी भरलेल्या चाकाची रिम व्हॉल्व्हजवळ गंजून पापुद्रे सुटलेली असते.

शेतात राबलेला आणि ट्रॉलीला राबलेला यांत फरक दिसतो का?

स्पष्ट दिसतो. ट्रॉली ओढलेल्याचं ड्रॉबारचं, म्हणजे ट्रॉली जोडायच्या मागच्या पट्टीचं, भोक लांबट होतं, टायरची नक्षी मधोमध सपाट होते, ब्रेक अनेकदा दुरुस्त झालेले असतात आणि हुकाजवळ वेल्डिंगचे थर चढलेले असतात. शेतात राबलेल्याच्या लिंका झिजतात, पोटाखालचा रंग तुरीच्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांनी घासून निघालेला असतो. नुसत्या एकाच बाजूला माती टाकणाऱ्या साध्या नांगराने वर्षानुवर्षं नांगरट केली असेल तर उजवी चाकं कायम तासात, म्हणजे नांगराने पडलेल्या सरीत, चालतात आणि उजव्या टायरची आतली बाजू जास्त खाल्ली जाते. पलटी नांगर आल्यावर ही खूण पुसट झाली, कारण आता दोन्ही बाजूंना पाळी येते.

धूर काय सांगतो?

काळा धूर: ओझं जास्त, एअर क्लीनर तुंबलेला किंवा नोझल बिघडलेलं. निळा: रिंगा गेल्या, ऑइल जळतंय. थंडीत चालू करताना निघणारा पांढरा धूर थोड्या वेळात थांबला तर चिंता नको. चांगले मिस्त्री धुरांड्याआधी ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीकडे, बघतात. तिथून फुंकर येत असली की बोअर किटचा, म्हणजे नव्या पिस्टन-रिंगांचा, खर्च जवळ आला.

कुठे आणि कधी शोधायचे?

मे ते जून आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर. पेरणीआधी वाफसा आला की गावातलं प्रत्येक चालू यंत्र रानात उतरतं, एरवी शेडमध्ये असलेलंसुद्धा. भाड्याने मिळणारे नवे ट्रॅक्टर त्या आठवड्यात हाताला लागत नाहीत, तेव्हा घरचा म्हातारा ट्रॅक्टरच कामाला येतो.

उसाच्या पट्ट्यात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात, कारखान्याच्या रस्त्यावर हल्ली दोन ट्रॉल्या ओढणारे मोठे, नवे ट्रॅक्टर असतात. जुने बघायचे तर रस्ता सोडून मळ्यात जा. मंगळवेढा, जत, आटपाडी, माण हा ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू भाग या दृष्टीने फार श्रीमंत आहे: काम हंगामापुरतं, हवा कोरडी, पत्रा गंजत नाही. द्राक्षांच्या भागात, दिंडोरी-निफाड आणि तासगावकडे, ओळींत मावणारे छोटे ट्रॅक्टर ब्लोअर घेऊन फिरतात. त्यांत जुने मित्सुबिशी शक्ती बघायला मिळतात. भंडारा-गोंदियात आषाढात जा. धानाच्या चिखलणीला लोखंडी केज व्हील लावलेला ट्रॅक्टर पोटापर्यंत चिखलात असतो. तिथल्या ट्रॅक्टरांचे ब्रेक आणि बेअरिंग पाण्याने लवकर जातात, म्हणून टिकलेल्यांची किंमत जास्त. कोकणात खाचरं लहान, तिथे पॉवर टिलरच अधिक.

एक हमखास दिवस म्हणजे खंडेनवमी आणि लागूनचा दसरा. वर्षभर न धुतलेले ट्रॅक्टर त्या दिवशी धुतले जातात, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. दारात उभे असतात, मालक घरी असतो, मन प्रसन्न असतं. गप्पा मारायला याहून चांगला दिवस नाही.

गावात फिरताना उतारावर उभा आणि चाकामागे दगड लावलेला ट्रॅक्टर शोधा. सेल्फ किंवा बॅटरी गेलेली, पण रोज चालणारा.

मालकाशी बोलायचं कसं?

आधी रामराम, मग पाऊसपाणी, मग ट्रॅक्टर. बांधावरून थेट मोबाइल काढून फोटो घ्यायला लागलात तर माणसाला वाटतं की फायनान्सवाला आला, नाहीतर भंगारवाला. ‘काका, जुना मॅसी बघून थांबलो, एवढा चांगला राखलेला हल्ली दिसत नाही’ एवढं मनापासून म्हणा. काम चालू असेल तर तास संपून ट्रॅक्टर बांधाला येईपर्यंत थांबा. वाफशाचे दिवस असतील तर त्यांचा वेळ खाऊ नका, संध्याकाळी घरी येतो म्हणून सांगा.

‘विकायचा आहे का’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर असतो, त्याच्यावर घर उभं राहिलेलं असतं.

जवळ जाताना काय सांभाळायचं?

पीटीओ. मागचा फिरता शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या घेतो आणि जुन्या ट्रॅक्टरवर त्याचं संरक्षक झाकण बहुधा नसतंच. उपरणं, ओढणी, साडीचा पदर, सैल बाही त्यात सापडली तर सोडवायला वेळ मिळत नाही. मळणी चालू असताना मागे जाऊच नका, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी. मडगार्डवर बसू नका. उतारावर उभ्या ट्रॅक्टरच्या पुढे किंवा खाली उभं राहू नका, ब्रेकचा भरवसा नाही.

वेगवेगळ्या ट्रॅक्टरांचे भाग जोडून बनवलेला असला तर तो धरायचा का?

धरायचा. त्याची नोंद तर जास्त काळजीने करावी. एकाचा पुढचा ॲक्सल, दुसऱ्याचं बोनेट, तिसऱ्याचा डायनामो, हे सगळं बसवायला मिस्त्रीने कुठे पट्टी जोडली, कुठे भोक पाडलं हे बघण्यासारखं असतं. कंपनीच्या पुस्तकात ते कुठेच मिळणार नाही. इंजिन आणि हाउसिंग ज्याचं, त्याच्या नावाने नोंद करा आणि बाकीचं खाली लिहा.

रंगवून, नवा करून ठेवलेले ट्रॅक्टर चांगले नाहीत का?

चांगले आहेत, हौसेने केलेलं काम आहे. पण रंगाखाली वर उल्लेखलेल्या बहुतेक खुणा जातात. म्हणून माझं मत असं की रंगवण्याआधी एकदा सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. पेडल आणि गिअरची मूठ बदलू नये. मडगार्डवर जुन्या पेंटरने लिहिलेलं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ किंवा कुलदैवताचं नाव असेल तर तेवढा पत्रा तसाच सोडावा. हाताने अक्षरं काढणारे पेंटर आता फारसे राहिले नाहीत.

पंधरा वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात काढावाच लागतो, हे खरं का?

शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी असं सरसकट नाही. शेतीचा ट्रॅक्टर नियमांत बिगर-वाहतूक वाहनात मोडतो. पंधरा वर्षांनी तपासणी होऊन नोंदणीचं नूतनीकरण होतं आणि ते पाच वर्षांसाठी असतं. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक निकष लागू झाले, पण ते नव्याने बनणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी.

फोटो आणि नोंद कशी ठेवावी?

पूर्ण ट्रॅक्टरचा एक फोटो, तोही डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूने, जमिनीलगत बसून काढलेला. बाकीचे सगळे जवळून: पेडल, मूठ, लिंका, ड्रॉबार, कंपनीची रिव्हेट केलेली पट्टी, वेल्डिंग. सकाळचं तिरपं ऊन झीज चांगली दाखवतं, दुपारचं सगळं सपाट करतं. आवाज वेगळा रेकॉर्ड करा, चालू करताना आणि ओझ्यावर.

नोंदीत मॉडेल, अंदाजे साल आणि ते कशावरून धरलं, तालुका, जमिनीचा प्रकार, सध्याचं काम, इंजिन किती वेळा बांधलं, कुठल्या गावच्या मिस्त्रीने. मालकाचं नाव आणि नंबरप्लेट त्यांची परवानगी असल्याशिवाय कुठे टाकू नका, गावाऐवजी तालुका लिहिला तरी चालतो. फोटोची एक प्रत छापून मालकाला नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, छापलेला देवघराशेजारी लागतो.

मालक म्हणाले ‘चालवून बघा’, तर?

ट्रॅक्टर चालवता येत असेल, लायसन असेल, रान मोकळं असेल आणि मालक शेजारी उभे राहून सांगत असतील तर जरूर. बसण्याआधी क्लच कुठे सुटतो, ब्रेक किती लागतो आणि बंद करायची सुतळी कुठली, या तीन गोष्टी विचारून घ्या.